गच्चीबाईचं ऊन

गल्लीत तिला सगळे गच्चीबाई म्हणत. कुणी दुकानात कामाला जाई, कुणी कारखान्यात, कुणी दवाखान्यात, आणि ही जाई गच्चीवर. हवेवर संशोधन करणारी एक संस्था गावाच्या टेकाडावर होती. तिच्या गच्चीवर एका छोट्या घुमटाखाली दोन आरसे होते आणि ते आरसे सांभाळणं हे हिचं काम. सकाळी उठल्याबरोबर खिडकीतून आभाळ बघितल्याशिवाय ती चहाला तोंड लावत नसे. ऊन असलं की स्वारी खुशीत. ढग दिसले की भांडी जरा जोरात आपटली जात, आणि आतल्या खोलीतून नणंद ओरडे, "आले वाटतं तुझे पाहुणे!"

या नणंदेला ती पहिल्या दिवसापासून वन्सं म्हणत आली. वन्सं तिच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, बिनलग्नाच्या, आणि शिवणकामात अशा तरबेज की नुसत्या चालण्यावरून माणसाच्या खांद्याचं माप सांगत. घराखालच्या तळघरात त्यांचं दुकान होतं. कोट हा त्यांचा हातखंडा. जिभेला मात्र कात्रीपेक्षा जास्त धार.

गच्चीबाई मूळची चष्मेवाल्याची मुलगी. काच कशी धरावी, धूळ आधी फुंकून मगच कापूस कसा लावावा, हे तिला वडिलांच्या दुकानात लहानपणीच हाताला लागलं होतं. पुढे तंत्रशिक्षणाला गेली, ते अर्धवट टाकून लग्न केलं. नवरा बस दुरुस्तीच्या कारखान्यात होता. माणूस हसरा. आठवडाभराच्या तापाचं निमित्त झालं आणि तो गेला. पदरात दोन पोरं, मोठी मुलगी आणि धाकटा मुलगा. दोघांनाही अजून बुटाची नाडी बांधता येत नव्हती.

तेव्हा वन्संनी तिला महिनाभर रडू दिलं. मग एके सकाळी पोरांना खाऊ घालता घालता म्हणाल्या, "तुझं ते शिक्षण कुठं अडलंय?"

"कुठलं शिक्षण?"

"अर्धवट टाकलंस ते. पुरं कर. पोरं माझ्याजवळ राहतील."

"वन्सं, तुमचं दुकान..."

"दुकान पळून जातंय का? कापायच्या टेबलाखाली भरपूर जागा आहे. दोन पोरं सहज मावतील."

आणि खरोखरच ती पोरं त्या टेबलाखाली वाढली. चिंध्यांच्या ढिगात खेळली, खडूने फरशीवर अक्षरं गिरवली, इस्त्रीच्या उबेत झोपली. आई वर्गात बसत होती तेव्हा मुलीच्या वेण्या वन्संनी घातल्या आणि मुलाच्या गोवरात जागरणं काढली. शिक्षण संपलं आणि संस्थेत जागा निघाली. तिथल्या साहेबांनी मुलाखतीत बाकी काही न विचारता एक मळका आरसा हातात दिला आणि म्हणाले, "पुसून दाखवा." तिनं आधी फुंकर मारली. साहेब म्हणाले, "उद्यापासून या."

काम असं होतं. घुमटाखालचे आरसे दिवसभर सूर्याच्या मागे मागे फिरत, सूर्यफुलासारखे. ते ऊन एका नळीतून खालच्या खोलीत उतरे आणि तिथल्या मोठ्या पेटीवजा यंत्रात जाई. यंत्र त्या उन्हाचे रंग सुटे करी. इंद्रधनुष्यात तांबड्याच्या पलीकडे आपल्या डोळ्यांना काही दिसत नाही, पण प्रकाश तिथेही असतो. तांबड्याला अगदी खेटून असलेल्या त्या प्रकाशाला निकट-अवरक्त म्हणतात. ऊन हवेतून खाली येताना हवेतला प्रत्येक वायू त्यातले आपापले ठरावीक रंग गिळतो. कार्बन डायऑक्साइडची आवड वेगळी, मिथेनची वेगळी. कुठले रंग कमी झाले आणि किती, यावरून कुठला वायू किती आहे हे कळतं. हेच काम आभाळातून उपग्रहही करत. जमिनीवर आपटून परत वर गेलेलं ऊन ते टिपत. पण शेकडो किलोमीटर उंचीवरून केलेलं मोजमाप बरोबर आहे की नाही, हे ताडून कुणी बघायचं? त्यासाठी जगात ठिकठिकाणी अशी यंत्रं जमिनीवर ठेवलेली होती, आणि त्यातलं एक गच्चीबाईच्या ताब्यात होतं.

हे सगळं तिनं एकदा वन्संना सांगायचा प्रयत्न केला. वन्सं सुईत दोरा ओवत ऐकत होत्या.

"म्हणजे कसर लागलेला लोकरी कोट उजेडासमोर धरावा तसं," त्या म्हणाल्या. "भोकं बघायची आणि कुठल्या किड्यानं खाल्लं ते ओळखायचं."

"अगदी तसंच!"

"मग एवढी वर्षं शिकलीस कशाला? मला विचारायचं होतंस."

साहेब निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक तरुण बाई आल्या. त्या डॉक्टर होत्या, म्हणजे हवेच्या डॉक्टर. पण गल्लीत ही बारीक भेदाची गोष्ट कुणाला पटेना. त्या एकदा गच्चीबाईच्या घरी चहाला आल्या तर शेजारच्या आजोबांनी जीभ बाहेर काढून घसा दाखवला. डॉक्टरीणबाईंनी बिचाऱ्यांनी मान वाकडी करून घसा बघितला आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा म्हणून सांगितलं. आजोबांना उतार पडला. तेव्हापासून डॉक्टरीणबाई हे नाव गल्लीत पक्कं झालं.

मुलं मोठी झाली, आपापल्या कामाला लागून दुसऱ्या गावी गेली. घरात दोघी उरल्या, वर वहिनी आणि खाली वन्सं. आणि मग तो कोरडा उन्हाळा आला. ढग नावाला नव्हते. गच्चीबाईला खरं तर आनंदानं नाचायला हवं होतं, पण तिचं जेवणावरचं लक्ष उडालं.

झालं होतं असं, की दुपारी वारा एका ठरावीक बाजूनं वाहू लागला की तिच्या यंत्रात मिथेन चढे. फार नाही, किंचित. पण चढे. वारा फिरला की उतरे. तिला वाटलं, आरशात काही दोष आहे. तिनं आरसे पुसले. मग वाटलं, सूर्याचा पाठलाग करताना घुमट कुठे अडतोय. तिनं घुमट उघडून तेल दिलं. मग नळीचे सांधे तपासले. काही फरक पडेना. शेवटी पडलेल्या चेहऱ्यानं ती डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्याकडून काहीतरी चुकतंय," ती म्हणाली. "कुठं ते मला सापडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी सगळ्या आलेखांवर नजर फिरवली. "ऑक्सिजन बघितलात? तो तर कधी बदलत नाही. आरशात खोट असती तर तोही हलला असता. तो जागच्या जागी आहे." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "तुमचं यंत्र ठणठणीत आहे, मावशी. हवेतच काहीतरी येतंय. त्या बाजूला काय आहे?"

गच्चीबाई खिडकीपाशी गेली. त्या बाजूला नदीकाठची घरं होती, त्यांच्या मागे हिरवळीनं झाकलेला एक उंचवटा. सगळ्या गावाचा कचरा वर्षानुवर्षं तिथे पडत होता. पुढे तो डेपो बंद झाला, वर चिकणमाती पसरली, गवत लावलं. आता पोरं तिथे पतंग उडवत. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन निघतो हे दोघींनाही माहीत होतं, आणि तो ओढून घ्यायला पालिकेनं नळ्या घातल्यात हेही. पण नळ्या काम करतात की नाही, हे गच्चीवरून कसं कळणार?

"वरून बघायला सांगू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

परदेशात एक गट होता, त्यांच्या उपग्रहाची नजर बारीक होती. बाकीचे उपग्रह अख्खं गाव एका ठिपक्यात बघत, हा एकेक मैदान वेगळं दाखवी. डॉक्टरीणबाईंनी त्यांना विनंती पाठवली. ते म्हणाले, आमची फेरी तुमच्यावरून जाईल तेव्हा बघू, फक्त आभाळ मोकळं हवं.

आता गंमत बघा. सगळा उन्हाळा निरभ्र गेलेला, आणि नेमकी फेरीची वेळ आली की कुठून तरी ढग हजर. एकदा झालं, दोनदा झालं. दुसऱ्या वेळी गच्चीबाईनं गच्चीवर उभं राहून त्या ढगाला अशी काही शेलकी विशेषणं बहाल केली, की खालच्या मजल्यावरच्या शिपायानं खिडकी लावून घेतली. तिसऱ्या वेळी मात्र आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखं होतं.

चित्र दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. पडद्यावर करड्या रंगात गाव दिसत होतं, नदी, रस्ते, टेकाड. आणि त्या उंचवट्याच्या एका कडेपासून निघालेला लालसर पट्टा, वाऱ्याबरोबर पसरत गेलेला, शेपटासारखा.

"वा!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काय स्पष्ट आलंय! नदीच्या बाजूला फुटलाय तो उंचवटा. ही कड बघा. माती तडकली असणार उन्हानं. आणि नळ्याही तुंबल्या असतील, नाहीतर एवढा वायू निघाला नसता."

गच्चीबाई पट्ट्याकडे बघतच नव्हती. ती बघत होती कडेला लागून असलेली छपरांची रांग. त्या रांगेतलं तिसरं छप्पर तिचं स्वतःचं होतं.

"हवेत गेला तो तर वाऱ्यावर गेला," ती हळूच म्हणाली. "पण नळ्या तुंबल्यात तर जमिनीखालूनही वाट काढत असेल ना?"

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचा आनंद मावळला. "तुमच्या तिकडे तळघरं आहेत?"

"वन्सं तळघरात बसतात. दिवसभर. इस्त्री घेऊन."

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. शिलाईयंत्र चालू असलं की वन्संना फोन ऐकू येत नसे. डॉक्टरीणबाईंनी तोवर कपाटातून गॅस तपासायचं हातात धरायचं यंत्र काढलं, गाडीची किल्ली घेतली, आणि जिन्यातच बंबवाल्यांना फोन केला. सगळ्या वाटेत गच्चीबाईला एकच आठवत होतं. गेले काही दिवस वन्सं म्हणत होत्या, तळघरात कोंदटल्यासारखं होतंय, डोकं जड होतंय. आणि ती म्हणाली होती, वय झालं तुमचं, चष्मा बदला.

घरापाशी पोचल्यावर तळघराच्या पायऱ्यांवरच डॉक्टरीणबाईंच्या हातातलं यंत्र टीं टीं करू लागलं. वास मात्र काहीच नव्हता. कचऱ्याच्या वायूला एरवी घाण येते, पण मातीतून गाळून गाळून आला की वास मातीतच राहतो आणि नुसता वायू पुढे येतो. दार अर्धवट उघडं होतं. आत दिवा चालू. वन्सं एका कोटाची कॉलर फळीवर पसरून उभ्या होत्या आणि त्यांचा हात इस्त्रीच्या बटणाकडे निघाला होता.

"वन्सं! हात काढा!"

वन्सं दचकून वळल्या. "अगं, केवढ्यानं ओरडतेस! काळजाचं पाणी झालं माझं."

"कशालाही हात लावू नका. दिवा आहे तसा राहू द्या. या बाहेर."

"एवढी कॉलर बसवते नि येते. गिऱ्हाईक पाचला..."

"वन्सं," गच्चीबाई म्हणाली. "आजवर तुमचं सगळं ऐकलं. आज माझं ऐका."

वन्संनी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्या पायऱ्या चढून वर आल्या. कोट मात्र हातात घेऊनच आल्या.

बंबवाल्यांनी गल्ली रिकामी केली. त्यांचा प्रमुख आत जाऊन मोजून आला तेव्हा घामानं निथळत होता. छताजवळ वायू साठला होता. अजून थोडा साठला असता तर इस्त्रीची एक ठिणगी पुरली असती, असं तो म्हणाला. शेजारच्या दोन तळघरांतही तीच गत होती. त्यातल्या एकात घसा दाखवणारे आजोबा दुपारचे झोपत.

गल्ली महिनाभर शाळेच्या सभागृहात राहिली. पालिकेचे अभियंते रोज सकाळ-संध्याकाळ तिथे हजर. भला माणूस. "वर्षातून दोनदा त्या उंचवट्यावर फिरून बघतो मी," ते म्हणाले. "वरून हिरवंगार दिसायचं." कुणी त्यांना बोललं, कुणी चहा दिला. त्यांनी मात्र कामात कसूर केली नाही. उंचवट्याच्या कडेनं खोल नळ्या बसवल्या, तुंबलेल्या मोकळ्या केल्या, वायू ओढून एका टोकाला जाळायची सोय केली, तडकलेली माती बुजवली. उपग्रहाच्या पुढच्या फेरीच्या चित्रात तो लाल पट्टा नव्हता. ते चित्र छापून अभियंत्यांनी स्वतः सभागृहाच्या दाराला चिकटवलं. वर्तमानपत्रातल्या फोटोकडे बघावं तशी माणसं गर्दी करून त्या कोऱ्या करड्या चित्राकडे बघत होती.

वन्संनी मात्र गल्लीभर एकच पालुपद लावलं होतं. "माझ्या वहिनीनं आभाळातून बघितलं. वरून. तळघरात मी काय करतेय ते तिला वरून दिसलं."

"असं नाही हो वन्सं. किती लोकांनी मिळून..."

"तू गप्प बस. मला सांगू दे."

तळघर आता दुकानाला नको, असं गच्चीबाईनंच ठरवलं. पहिल्या मजल्यावरची तिची स्वतःची खोली, मोठ्या खिडकीची, तिनं दुकानाला दिली. वन्सं नको नको म्हणाल्या, पण दोनदाच, यावरून त्यांना ती खोली किती आवडली होती ते कळत होतं. एका रविवारी दोघींनी मिळून ते जुनं शिलाईयंत्र वर न्यायला घेतलं. बिडाचं यंत्र, वजन म्हणजे वजन. वन्सं वरच्या बाजूला, गच्चीबाई खालच्या. जिन्याच्या वळणावर यंत्र अडकलं, आणि दोघी दम खात तशाच उभ्या राहिल्या.

"वन्सं, एक बोलायचंय."

"आत्ता?"

"तुम्ही तेव्हा पोरांना सांभाळलं नसतंत, तर मी या गच्चीवर कधीच पोचले नसते. मी ते तुम्हाला कधी बोलले नाही. आपल्यात कुणी बोलत नाही. पण त्या दिवशी गाडीत मला सारखं वाटत होतं, आता बोलायचं राहूनच जाणार. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर."

वन्संनी यंत्राची कड मांडीवर टेकवली.

"टेबलाखाली ती दोघं होती ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा मला दुकानात कधी एकटं वाटलं नाही. भाऊ गेला होता माझाही. उपकाराचं म्हणशील तर हिशोब लागायचा नाही, तुझ्याकडूनही नाही नि माझ्याकडूनही नाही." त्यांनी नाक ओढलं. "आता उचल. माझी बोटं सुटतील नाहीतर."

त्यानंतर गच्चीबाईच्या मनात एकच राहिलं होतं. ज्यांच्या उपग्रहानं ते चित्र काढलं, त्या माणसांना कधी बघितलेलं नव्हतं. त्यांना तर माहीतही नसेल की त्या कडेच्या छपराखाली कोण बसलं होतं. तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं आणि त्यांनी एका दुपारी पडद्यावर त्या गटाशी बोलणं जुळवून दिलं. वन्सं नवे कपडे घालून आल्या. पडद्यावर चार-पाच चेहरे उमटले. मधल्या माणसाला जबर सर्दी झालेली, डोळे लाल, आणि अंगात एक अगदी विटका, कोपरावर झिजलेला कोट.

गच्चीबाईनं बरंच काही ठरवून ठेवलं होतं. पण ते चेहरे समोर आले, आणि ही माणसं एरवी आपल्यासारखीच सकाळी उठून ढगांना शिव्या देत असतील असं काहीतरी मनात येऊन ठरवलेलं सगळं ती विसरली. ती नुसती हात जोडून बसली. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या भाषेत काय घडलं ते सांगितलं. मग सर्दीवाल्यानं चष्मा काढून डोळे पुसले, आणि ते सर्दीमुळे की कशामुळे ते कळलं नाही. तो म्हणाला, आम्हाला रोज शेकडो चित्रं दिसतात, पण त्यातली माणसं आज पहिल्यांदा बघतोय. आणि मग तो म्हणाला की खालून तुमचं यंत्र रोज आमची चूक दाखवत आलं नसतं, तर आमच्या मोजमापावर आमचाच विश्वास बसला नसता. म्हणून आभार आम्हीच मानायला हवेत.

हे ऐकून वन्सं पुढे सरकल्या.

"त्याला विचार, छाती किती," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या.

"काय?"

"छाती, खांदा नि बाही. असला कोट घालून थंडीत बसतो, मग सर्दी होणार नाही तर काय! थांब, खांदा विचारू नकोस. त्याला जरा उभं राहून इकडून तिकडे चालायला सांग."

तो माणूस बिचारा उठला आणि पडद्यात इकडून तिकडे चालला. मागे बसलेले हसून हसून वाकले.

कोट तयार व्हायला महिना लागला. गडद निळा, आतून करडं अस्तर, हाताच्या टाक्यांची कॉलर. गच्चीबाईनं तो संस्थेतून पाठवून दिला. पुढे बऱ्याच दिवसांनी एक फोटो आला. तो माणूस कोट घालून हसत उभा होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना त्याचे सहकारी. मागच्या भिंतीवर गावाचं तेच करडं चित्र लावलेलं होतं.

गच्चीबाई फोटो घेऊन धावतच घरी आली. वन्संनी चष्मा चढवला, खिडकीपाशी उजेडात फोटो धरला, जवळून बघितला, लांबून बघितला. गच्चीबाई वाट बघत उभी होती.

"डावी बाही पाव इंच लांब झालीय," वन्सं म्हणाल्या. "त्याला कळव. म्हणावं, परत पाठव, नीट करून देते."